अंगावरून वारं गेलं तर: पहिल्या साडेचार तासांत करायच्या गोष्टी

स्ट्रोकला मराठीत नावं पुष्कळ आहेत. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, आणि घरोघरी बोललं जातं ते 'अंगावरून वारं गेलं'. या नावांनी एक घोटाळा करून ठेवला आहे. वारं अंगावरून गेलं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष लुळ्या पडलेल्या हातापायाकडे जातं. कुणी तेल कोमट करायला ठेवतं, कुणी तळवे चोळतं, कुणी गावाकडच्या औषधाची चौकशी सुरू करतं. त्या हातापायात काहीही बिघडलेलं नसतं. बिघाड मेंदूत असतो, आणि तेल तापेपर्यंत तो वाढत असतो.

मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी गुठळीनं तुंबते, किंवा फुटून रक्तस्राव होतो. तुंबण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. नळी तुंबली की तिच्या ऐन पुढचा भाग काही मिनिटांतच मरतो. त्याच्याभोवतीचा मोठा भाग मात्र शेजारच्या नळ्यांच्या थोड्याफार रक्तावर तग धरून असतो. तो काम थांबवतो, पण जिवंत असतो. उपचार असतो तो या तग धरलेल्या भागासाठी. मोठी नळी तुंबलेली असेल तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात असा अंदाज आहे. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते घाईचं आहे, आणि त्यातलं बरंचसं डॉक्टर नसलेल्या माणसालाच करावं लागतं.

ओळखायचं कसं

स्ट्रोक अचानक होतो. आठ दिवस हळूहळू वाढलेली हाताची मुंगी वेगळी आणि चहा पिताना कप निसटणं वेगळं. शंका आली की तीन गोष्टी तपासा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

"दात दाखवा," असं सांगा. नुसतं हसा म्हटलं तर घाबरलेला माणूस हसत नाही, दात मात्र दाखवतो. तोंडाची एक बाजू मागे राहिली, एका कोपऱ्यातून लाळ किंवा चुळेचं पाणी ओघळलं, तर खूण पटली.

दोन्ही हात समोर खांद्याइतके उचलायला सांगा, तळवे वर, डोळे मिटलेले. मनात दहापर्यंत मोजा. एक हात खाली घसरत येतो किंवा त्याचा तळवा आत वळतो. हात अजिबात न उचलणं ही पुढची पायरी झाली, घसरणंही पुरेसं आहे.

एक साधं वाक्य म्हणायला लावा: "काल बाजारातून कोथिंबीर आणली." इथं तीन प्रकारचे बिघाड दिसू शकतात. शब्द बरोबर पण उच्चार बोबडा. किंवा उच्चार स्वच्छ पण शब्द भलतेच, कोथिंबिरीच्या जागी काहीतरी निरर्थक. किंवा आपण काय म्हणतोय तेच त्यांना कळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात घरच्यांची हमखास फसगत होते. माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतोय, अंगात आलंय, काल जास्त प्यायलाय अशी कारणं लावली जातात.

या तिन्हींत काही सापडलं नाही तरी आणखी दोन गोष्टी राहतात: तोल आणि नजर. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक चेहरा आणि हात यांना हात न लावता येऊ शकतो. अचानक गरगरणं, उलट्या, एकाचे दोन दिसणं, अर्धी नजर जाणं, आधाराशिवाय उभं किंवा बसताही न येणं. याला पित्त आणि मानेचा स्पॉन्डिलोसिस ही दोन लेबलं फार लावली जातात. गरगरणारा माणूस आधाराशिवाय बसू शकत नसेल तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, तर रक्तस्रावाची शक्यता धरून निघा.

स्ट्रोक बहुधा दुखत नाही. छातीत कळ आली की घर हलतं. हात नुसता जड झाला तर "बघू थोडा वेळ" होतं. शिवाय मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर डावं अंग लुळं पडलंय हे खुद्द रुग्णाला जाणवतच नाही असं होऊ शकतं. तो पूर्ण खात्रीनं सांगतो, "मला काही झालं नाही." दवाखान्यात जायचं की नाही हा निर्णय म्हणून त्याच्यावर सोडायचा नसतो.

फक्त चेहरा वाकडा, कपाळावर आठी पडत नाही, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, हातपाय आणि बोलणं ठीक, असं असेल तर तो चेहऱ्याच्या नसेचा वेगळा आजार असू शकतो. लकवा हा शब्द दोन्हींना वापरतात. पण हा फरक घरी ठरवायचा नाही.

आधी घड्याळ बघा

रुग्णालयात पहिला प्रश्न येईल: "हे किती वाजता झालं?" त्याचं नेमकं उत्तर हवं. लक्षणं कुणाच्या लक्षात कधी आली याला महत्त्व कमी. माणूस पूर्ण ठीक असल्याचं शेवटचं कुणी, किती वाजता पाहिलं, ती वेळ मोजतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नेहमीच्या रीतीनं त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देतात.

समजा वडील रात्री ११ला झोपले आणि सकाळी ६ला उठले तेव्हा हात उचलत नव्हता. घड्याळ ११ पासून सुरू होतं, म्हणजे सात तास उलटले. पण पहाटे ४ला ते लघवीला उठले होते, स्वतः चालत गेले, आईशी दोन वाक्यं नीट बोलले, हे आईला आठवलं तर घड्याळ ४ पासून सुरू होतं. साडेसहाला रुग्णालयात पोचलात तर अडीचच तास झालेले असतात, आणि इंजेक्शनची वाट उघडी राहते. त्यामुळे आठवून पाहा, विचारा: दूधवाल्याशी बोलले होते का, शेवटचा फोन कधी केला, व्हॉट्सॲपवर शेवटचा संदेश किती वाजता आणि तो धड लिहिलेला आहे का. मिळालेली वेळ कागदावर लिहा आणि सोबत जाणाऱ्याच्या खिशात द्या. अंदाजे वेळ छातीठोकपणे सांगू नका. चुकीच्या वेळेवर दिलेल्या इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

वेळ सापडलीच नाही तरी आशा सोडून घरी बसू नका. काही रुग्णांत एमआरआय किंवा विशेष सीटी करून मेंदूचा किती भाग वाचवता येण्यासारखा आहे ते पाहतात आणि त्यावर निर्णय घेतात.

फोन आणि गाडी

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर "बेशुद्ध पडलेत" किंवा "तब्येत बिघडली" असं मोघम बोलू नका. "स्ट्रोक वाटतोय, तोंड वाकडं, उजवा हात गेला, सव्वानऊपर्यंत ठीक होते," एवढं सांगा. पत्त्यात गल्लीच्या तोंडाशी असलेली ठळक खूण द्या आणि एका माणसाला तिथं उभं करा. दुसरा वॉचमनला सांगून गेट उघडं ठेवील, दुचाक्या बाजूला करवील, लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवील. मुंबईत बाकीच्या मिनिटांपेक्षा ही शेवटच्या पन्नास मीटरची मिनिटं जास्त सहज वाचतात.

चाळीच्या किंवा जुन्या इमारतीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. हातांची प्लास्टिकची खुर्ची यासाठी कामाची नाही, तिचे पाय वाकतात. पाठ उंच असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, रुग्णाला बसवून छातीशी आणि कमरेशी चादरीनं बांधा, एक जण पाठीमागून आणि एक पुढचे पाय धरून, तोंड उताराकडे ठेवून उतरवा. रुग्ण बेशुद्ध असेल, उलट्या होत असतील तर खुर्ची नको. जाड चादरीत कुशीवर घेऊन चौघांनी उचला. लुळा हात लोंबकळू देऊ नका, तो मांडीवर ठेवून चादरीतच गुंडाळा.

रुग्णवाहिकेला वेळ लागतोय असं कळलं तर थांबून राहू नका. टॅक्सी किंवा शेजाऱ्याची गाडी घ्या. एक गोष्ट मुंबईत नवीन आलेल्यांना ठाऊक नसते: रिक्षा उपनगरातच चालतात, वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात त्यांना परवानगी नाही. कुर्ल्याहून परळला जायचंय तर पहिल्यापासून टॅक्सीच बघा.

लोकलमध्ये असं घडलं तर मधेच साखळी ओढू नका. दोन स्टेशनांच्या मधे गाडी उभी राहिली तर तिथवर कुणी पोचू शकत नाही. पुढच्या स्टेशनला उतरवा, एकानं धावत स्टेशन मास्तरांच्या खोलीत जाऊन स्ट्रेचर आणि रुग्णवाहिका मागावी. रेल्वेचा मदतीचा क्रमांक १३९ आहे.

कुठल्या दारात जायचं

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. कोपऱ्यावरचं नर्सिंग होम जवळ असतं, ओळखीचं असतं, आणि तिथं सीटी स्कॅन नसतं. सलाईन लागतं, रक्त तपासायला जातं, दोन तासांनी "मोठ्या हॉस्पिटलात न्या" असं सांगितलं जातं. फॅमिली डॉक्टरांना फोन जरूर करा, पण त्यांची वाट बघत घरी थांबू नका.

जिथं जायचं तिथं तीन गोष्टी हव्यात: चोवीस तास चालू सीटी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि ते देण्याचा निर्णय घेणारा डॉक्टर. हे निघताना गाडीतून फोन करून विचारा: "स्ट्रोकचा पेशंट आणतोय, तासभर झालाय, सीटी आत्ता चालू आहे का?" मशीन बंद असेल तर वाटेतच गाडी वळवता येते. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं जेजे हे राज्य सरकारचं, ही वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. त्यांच्या कॅज्युअल्टीत गर्दी असते. तिथं केसपेपरच्या रांगेत एकानं उभं राहावं आणि दुसऱ्यानं रुग्णासोबत थेट आत जाऊन "स्ट्रोक, साडेचार तासांच्या आत" हे शब्द मोठ्यानं सांगावेत. हे भांडण नाही. त्या शब्दांना तिथं अर्थ आहे.

घरून निघेपर्यंत काय करू नका

तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखरपाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. एक घोट श्वासनलिकेत गेला तर पुढे न्यूमोनिया होतो, आणि स्ट्रोकनंतरच्या मृत्यूंचं ते मोठं कारण आहे.

ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट ॲटॅकला ती देतात हे ऐकलेलं असतं, म्हणून ही चूक चांगल्या हेतूनं होते. नळी फुटली असेल तर ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो, आणि फुटली की तुंबली हे सीटीशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बीपीची जादा गोळी देऊ नका. घरच्या मशीनवर १९०/१०० दिसलं की घबराट होते. तुंबलेल्या नळीपलीकडे रक्त रेटण्यासाठी शरीरानंच तो दाब वाढवलेला असू शकतो. तो एकदम पाडला तर तग धरलेला भागही मरतो.

साखर मोजायचं यंत्र घरात असेल तर एकदा मोजा, विशेषतः इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर. साखर फार उतरली की हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसू शकतं. ७० च्या खाली आकडा आला तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना लगेच सांगा. साखर शिरेतून देता येते.

रुग्णाला कुशीवर झोपवा, कवळी काढा, गळ्याजवळची बटणं सोडा. श्वास थांबला आणि हलवूनही प्रतिसाद नसेल तरच छाती दाबायला घ्या: छातीच्या मध्यावर, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कांदा हुंगवणं, सुई टोचून रक्त काढणं, मान मोडणं, यातलं काहीही नको.

रुग्णालयात काय घडतं

पहिल्यांदा साखर आणि सीटी. सीटीत रक्तस्राव ताबडतोब दिसतो. नळी तुंबलेली असेल तर पहिल्या काही तासांत सीटी अगदी नॉर्मल दिसू शकतं, आणि इथं नातेवाईक चुकतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी नेतो." हात उचलत नसताना सीटी नॉर्मल येणं याचा अर्थ रक्तस्राव नाही, म्हणजे इंजेक्शनचा विचार करता येईल. ती चांगली बातमी आहे, पण घरी जाण्याची नाही.

इंजेक्शनसाठी दोन औषधांची नावं ऐकू येतील: अल्टेप्लेस आणि टेनेक्टेप्लेस. अल्टेप्लेसचा डोस वजनाच्या दर किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०; दहावा हिस्सा एकदम आणि उरलेला तासाभरात. म्हणून रुग्णाचं खरं वजन सांगता आलं तर बरं. देण्याआधी बीपी १८५/११० च्या आत आणतात, ते काम डॉक्टरांचं. हल्लीची मोठी शस्त्रक्रिया, डोक्याला मार, पोटातला रक्तस्राव, आधी कधी मेंदूत रक्तस्राव, आणि वॉरफेरिन, ॲसिट्रॉम यांसारखी रक्त पातळ करणारी औषधं, यांतलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा.

मग संमतीचा कागद येतो. त्यावर मेंदूत रक्तस्रावाचा धोका लिहिलेला असतो आणि तो खरा आहे: शंभरातल्या सुमारे तीन ते सहा जणांत तो गंभीर होतो. तो धोका धरूनही, वेळेत इंजेक्शन मिळालेल्यांत पुढे स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं. पुण्याच्या काकांना, दुबईच्या भावाला फोन लावण्यात पाऊण तास घालवला तर फायदा घटतो आणि धोका तेवढाच राहतो. सही कोण करणार हे गाडीतच ठरवा.

मोठी नळी तुंबलेली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात. ही सोय सगळीकडे नाही. सहसा सहा तासांच्या आत, आणि तपासणीत भाग वाचण्यासारखा दिसला तर चोवीस तासांपर्यंत ती करता येते. रक्तस्राव असेल तर वाट वेगळी: बीपी आटोक्यात आणणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा, क्वचित शस्त्रक्रिया. खर्चाचा प्रश्न आला की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधार लागतं.

पुढचे दिवस, थोडक्यात

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घरचा डबा भरवू नका. पातळ पाणी आणि चहा गिळायला सगळ्यात अवघड, दाट वरण किंवा मऊ खिमट सोपं. भरवताना ताठ बसवा, हनुवटी छातीकडे, चमचा छोटा, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. दर दोन तासांनी कूस बदला. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने राहतं. फिजिओथेरपी डॉक्टरांच्या परवानगीनं एक-दोन दिवसांतच सुरू होते. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, त्यानंतरही होत राहते. बोलणं गेलेल्या माणसाला ऐकू येत असतं आणि बरंच कळतही असतं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल परकं बोलू नका.

दहा मिनिटांत बरं झालं तरी जायचं

हात लुळा पडला, तोंड वाकलं आणि पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तर गुठळी आली आणि विरघळली असा त्याचा अर्थ. पुढच्या मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी जा, सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

बाळंतिणीबद्दल वेगळं सांगायला हवं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मेंदूतल्या अशुद्ध रक्ताच्या नळीत गुठळी होऊ शकते. वाढत जाणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, फिट, मग हात जड पडणं. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत आहे, तिनं हा धोका वाढतो. तिला तहान लागेल तेवढं पाणी द्या, आणि डोकं दुखतंय म्हणाली तर अंगावर काढू देऊ नका.

टाळण्यासाठी सगळ्यात मोठं काम बीपीचं. आकडा नॉर्मल आला म्हणून लोक गोळी बंद करतात. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. मशेरी, तंबाखू, सिगारेट बंद. नाडी अनियमित चालत असेल किंवा लहानपणी सांधेतापानं हृदयाची झडप बिघडलेली असेल तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, तेव्हा ईसीजी काढून घ्या.

आज करण्यासारखं एकच काम आहे. एक कागद घ्या. त्यावर घरातल्या प्रत्येक वयस्कर माणसाचं वजन, आजार, चालू गोळ्यांची नावं आणि डोस, जुन्या शस्त्रक्रिया, आणि चोवीस तास सीटी असलेल्या जवळच्या दोन रुग्णालयांचे कॅज्युअल्टीचे फोन लिहा. ते फोन आजच एकदा लावून खात्री करा. कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आईवडील एकटे राहत असतील तर दुपारी झोपताना आतली कडी न लावता नुसतं लॅच लावायची सवय त्यांना लावा, आणि लॅचची एक किल्ली शेजारच्या घरी ठेवा.